ताप उतरल्यानंतर

(तृतीय वर्ष, कला)

'दुखणे येते हत्तीच्या पावलांनी आणि जाते मुंगीच्या पावलांनी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या म्हणीत एक दिलासा आहे. मुंगी हळू चालते, पण चालते, आणि कधी ना कधी उंबरठ्याबाहेर पडते. परंतु समजा, ही मुंगी घरातच मुक्काम ठोकून बसली तर? ताप उतरला, रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्या, डॉक्टरांनी 'आता काही नाही' असे सांगितले आणि तरीही माणूस पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही, तर त्याला आजारी म्हणावयाचे की आळशी?

हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या ताईला करोना झाला. तेव्हा ती एम. ए. च्या पहिल्या वर्षाला होती. इस्पितळात जावे लागले नाही; आठ दिवसांत ताप उतरला. घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढे महिने लोटले तरी ताई सावरेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी आणली की दुसरा दिवस अंथरुणात जाई. पुस्तकाचे एकच पान तीन तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नसे. येणारे-जाणारे सल्ले देत, "मनावर घे म्हणजे झालं", "सकाळी लवकर उठून फिरायला जात जा". तिच्या महाविद्यालयाने उपस्थिती कमी म्हणून परीक्षेचा अर्ज नाकारला. आजी मात्र एवढेच म्हणे, "पोरीच्या हाडात ताप मुरलाय." आम्ही आजीच्या बोलण्याकडे जुन्या काळची समजूत म्हणून दुर्लक्ष केले.

ताईच्या निमित्ताने मी या विषयावर वाचू लागले. जगात वेळोवेळी भरलेल्या वैद्यकीय परिषदांत हाच प्रश्न कसकसा चर्चिला गेला, याची टिपणे काढली आणि ती आपल्या वाङ्मय मंडळाच्या शनिवारच्या बैठकीत वाचली. 'हा विषय शास्त्र शाखेचा, आपल्या मंडळात कशाला?' अशी कुजबुज सुरुवातीला झाली. पण बैठक ठरल्या वेळेपेक्षा तासभर अधिक चालली. त्या टिपणांचा आणि त्यावर झालेल्या चर्चेचा गोषवारा येथे देत आहे.

एकट्या डॉक्टरला न दिसणारा आजार

परिषद म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण, आभारप्रदर्शन आणि चहापान एवढेच येते. तिचे खरे काम निराळे असते. एखाद्या डॉक्टरकडे न समजणाऱ्या दुखण्याचा एक रुग्ण येतो. तो डॉक्टर त्याला अपवाद समजतो. दुसऱ्या गावातल्या डॉक्टरकडेही असाच एक अपवाद असतो, तिसऱ्याकडेही असतो. हे सर्वजण एका टेबलाभोवती बसून आपापल्या वह्या उघडतात तेव्हा हे अपवाद एकमेकांसारखेच निघतात, आणि अपवादांतून नियम दिसू लागतो.

याचे ठळक उदाहरण लंडनमधील रॉयल फ्री इस्पितळाचे आहे. १३ जुलै १९५५ रोजी तेथील एक निवासी डॉक्टर आणि एक वॉर्ड सिस्टर अनाकलनीय दुखण्याने आजारी पडले. घसा दुखणे, डोकेदुखी, मानेच्या गाठी सुजणे, चक्कर, स्नायूंत वेदना आणि विलक्षण अशक्तपणा ही लक्षणे होती. पाहता पाहता परिचारिका, डॉक्टर, कामगार एकामागून एक पडू लागले. २५ जुलैला इस्पितळच बंद करावे लागले. ते ५ ऑक्टोबरला पुन्हा उघडले. नोव्हेंबरअखेरपर्यंत २९२ कर्मचाऱ्यांना हा आजार झाला आणि त्यांपैकी २५५ जणांना दाखल करावे लागले. आश्चर्य असे की, आधीपासून खाटेवर असलेल्या रुग्णांपैकी फक्त १२ जणांना तो झाला. कोणी दगावले नाही, पण कित्येकजण पुढे वर्षानुवर्षे पूर्ववत झाले नाहीत. अशाच साथी यापूर्वी १९३४ मध्ये लॉस एंजलिसच्या इस्पितळात आणि १९४८-४९ मध्ये आइसलँडच्या आकुरेरी गावात येऊन गेल्या होत्या.

१९५६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने संपादकीयात या दुखण्याला नाव सुचविले: 'सौम्य मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस', म्हणजे स्नायूंच्या वेदनांसह मेंदू व मज्जारज्जूचा दाह. यातील 'सौम्य' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. रोगी मरत नाही म्हणून रोग सौम्य! ज्याला जिना चढता येत नाही त्याला हा सौम्यपणा कसा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे १९७० मध्ये मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मत मांडले की, १९५५ ची ती साथ म्हणजे सामूहिक उन्माद असावा. त्यांच्या युक्तिवादातील एक मुद्दा असा होता की, आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे आणि तपासणीत ठोस असे काही हाती लागत नाही. त्यांनी जुनी टिपणे तपासली होती. रुग्णांना स्वतः तपासले नव्हते. तरीही हे मत दूरवर पसरले आणि दीर्घकाळ टिकले.

याला उत्तर मिळण्याची सुरुवात एका परिषदेत झाली. ७ एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये १९३४ ते १९७७ या काळातील अशा सर्व साथींवर परिसंवाद झाला. निरनिराळ्या साथी प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांनी आपल्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या आणि हा एक स्वतंत्र आजार आहे असा सूर निघाला. तेथील निबंध त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये छापून आले. रॉयल फ्रीमधील संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. मेल्विन रॅम्से यांनी आपले उर्वरित आयुष्य या रुग्णांसाठी वेचले. त्यांनी नोंदविलेली खूण अशी: थोड्याशा श्रमानंतरही स्नायूंची गेलेली शक्ती परत यायला तीन, चार, पाच दिवस लागतात. ताईची भाजी आणि दुसऱ्या दिवशीचे अंथरूण यांचा अर्थ मला हे वाचताना प्रथम कळला.

वॉर्म स्प्रिंग्जची भेट

दुसरी गोष्ट पोलिओची. अमेरिकेत १९५५ मध्ये लस आली आणि पोलिओचे भय ओसरले. पूर्वी ज्यांना तो होऊन गेला होता ते कुबड्या टाकून शिकले, नोकरीला लागले, संसारात रमले. आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी त्यांच्यापैकी अनेकांचे स्नायू पुन्हा दुबळे होऊ लागले. डॉक्टर म्हणत, 'वय झाले.' रुग्ण म्हणत, 'नाही, हे तेच आहे, आम्ही ओळखतो.'

या लोकांना एकत्र आणण्यात जिनी लॉरी या बाईंचा मोठा वाटा होता. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या. १९५८ पासून त्या पोलिओग्रस्तांसाठी एक लहानसे नियतकालिक चालवीत असत. या नियतकालिकाच्या वाचकांच्या पत्रांतून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागली, तेव्हा १९८१ मध्ये शिकागो येथे रुग्ण आणि डॉक्टर यांची एकत्र बैठक त्यांनी भरविली. पुढे मे १९८४ मध्ये जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे संशोधकांची परिषद झाली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९२७ मध्ये पोलिओग्रस्तांसाठी संस्था उभारली ती याच ठिकाणी. परिषद घडवून आणणाऱ्यांतील डॉ. लॉरो हॅलस्टेड यांना स्वतःला १९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी पोलिओ झाला होता.

तेथे पुढे आलेली उपपत्ती समजण्यास सोपी आहे. पोलिओचा विषाणू स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही चेतापेशी मारतो. वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि पोरक्या झालेल्या स्नायूतंतूंना आपल्या पदराखाली घेतात. म्हणून रोगी सुधारतो. पण एका कमावत्या माणसावर दहाजणांचा संसार पडावा तशी या पेशींची गत होते. काही दशकांनी त्या थकतात आणि त्यांचे फाटे गळू लागतात. म्हणजे जिद्दीने, अंगमोड करून मिळविलेल्या यशाचीच ही उशिरा आलेली किंमत असू शकते! 'जोर लाव, व्यायाम वाढव' हा सल्ला येथे उलटा पडण्याचा धोका असतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. परंतु बालपणी ज्यांना पोलिओ झाला अशी माणसे आज आपल्या गावोगावी चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांचे पाय आता नव्याने दुखू लागले, तर ते केवळ वयामुळे असे समजून सोडून देऊ नये.

डब्बोचे आकडे, बार्शीची साथ

येथवर वाचल्यावर कोणी म्हणेल, ही झाली विशिष्ट साथींची गोष्ट. साध्या तापानंतर असे किती जणांचे होते? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील डब्बो या शेतीप्रधान भागातील एका अभ्यासाने २००६ मध्ये दिले. तीन अगदी वेगळे संसर्ग झालेल्या २५३ जणांचा तेथे पाठपुरावा केला गेला. पहिला एपस्टाईन-बार विषाणूचा गाठींचा ताप. दुसरा डासांमुळे होणारा रॉस रिव्हर ताप. तिसरा गुराढोरांपासून होणारा, जिवाणूजन्य क्यू ताप. सहा आठवड्यांनी ३५ टक्के लोक आजारीच होते, तीन महिन्यांनी २७ टक्के, सहा महिन्यांनी १२ टक्के आणि वर्षाने ९ टक्के. म्हणजे म्हणीतली मुंगी बहुतेकांच्या घरातून खरोखरच जाते. पण शंभरांतील नऊ घरांत ती वर्षानंतरही असते.

या अभ्यासातून आणखी दोन गोष्टी दिसल्या. जंतू कोणताही असो, मागे उरणारे दुखणे जवळजवळ सारखेच होते. आणि कोण मागे राहील हे वय, स्त्री-पुरुषभेद किंवा मनाचा कमकुवतपणा यांवर ठरत नव्हते. मूळ ताप किती तीव्र होता यावर मुख्यतः ठरत होते. १९७० च्या त्या 'उन्माद' मताला याहून स्पष्ट उत्तर कोणते?

रॉस रिव्हर विषाणूचा एक सख्खा भाऊबंद आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे चिकुनगुन्या. हे नाव आफ्रिकेतील माकोंडे भाषेतले आहे. वेदनांनी वाकलेल्या माणसाचे चित्र त्या शब्दात आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची मोठी साथ आली. त्यानंतर सुमारे तीन दशके तो आपल्याकडे जवळपास विस्मृतीत गेला आणि २००५-०६ मध्ये परतला. २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप चार-आठ दिवसांत गेला. पण सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, जिना उतरताना घोटे धरतात, असे सांगणारे लोक त्यानंतर महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षे भेटत राहिले.

असे का व्हावे?

याचे एकच एक उत्तर अजून हाती आलेले नाही, पण काही वाटा स्पष्ट दिसतात. पहिली वाट: जंतू शरीरात लपून राहतो. कांजिण्यांचा विषाणू चेतातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि उतारवयात 'नागीण' होऊन उठतो, हे आपण पाहतोच. दुसरी वाट: प्रतिकारशक्ती शत्रू ओळखण्यात चुकते. घशाच्या साध्या संसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात, त्याचे कारण हेच. तिसरी वाट: संसर्गाचे परिणाम दीर्घकाळाने, भलत्याच रोगाच्या रूपाने उमटतात. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ९५५ जणांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाला होता. एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर हा धोका ३२ पटींनी वाढतो असे आढळले. चौथी वाट पेशींतील ऊर्जानिर्मितीच्या बिघाडाची. तिच्याविषयी पुढे सांगते.

शास्त्रज्ञ चुकतात तेव्हा काय होते, हेही सांगितले पाहिजे. २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला की, या दीर्घ थकव्याच्या १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडला. रुग्णांनी आनंदाने अश्रू ढाळले असतील. अखेर पुरावा मिळाला! परंतु इतर प्रयोगशाळांना तो विषाणू सापडेना. सप्टेंबर २०११ मध्ये ओटावा येथील परिषदेत दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहिले. अखेरीस असे निष्पन्न झाले की, तो विषाणू प्रयोगशाळेतच, उंदरांच्या दोन विषाणूंच्या मिश्रणातून जन्मला होता. डिसेंबर २०११ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. रुग्णांची निराशा झाली खरी. पण विषाणू खोटा ठरला म्हणून आजार खोटा ठरत नाही, हा फरक आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

आता चौथी वाट. अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी करोनानंतर दीर्घकाळ आजारी राहिलेले २५ जण आणि पूर्ण बरे झालेले २१ जण यांना सायकलसारख्या यंत्रावर दमेपर्यंत पाय मारायला लावले. त्याआधी आणि त्यानंतर एका दिवसाने त्यांच्या मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला. पेशीतील ऊर्जेच्या भट्ट्या, म्हणजे तंतुकणिका, रुग्णांमध्ये आधीच मंद होत्या. श्रमानंतर त्या अधिकच मंदावल्या आणि स्नायूतंतूंची हानी दिसली. हा निबंध जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रॅम्से यांनी रुग्णांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली, असे म्हणावयास हरकत नाही. आजीचा 'हाडात मुरलेला ताप' स्नायूंत सापडला!

बैठकीत निघालेले प्रश्न

टिपणे वाचून झाल्यावर पहिला प्रश्न मागच्या बाकावरून आला. "परीक्षा जवळ आली की आम्हा सगळ्यांनाच हा आजार होतो, त्याचं काय?" हशा पिकला. पण प्रश्न महत्त्वाचा होता. १९८८ मध्ये अमेरिकेत या दुखण्याला 'दीर्घकालीन थकवा' अशा अर्थाचे नाव मिळाले आणि तेथेच घोटाळा झाला. थकवा कोणाला येत नाही? २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने नऊ हजारांवर निबंध चाळून सांगितले की, या आजाराचे मुख्य लक्षण नुसता थकवा नसून श्रमानंतर संपूर्ण प्रकृती ढासळणे हे आहे. या आजाराचे ८ लाख ३६ हजार ते २५ लाख रुग्ण एकट्या अमेरिकेत असावेत, आणि त्यांतील बहुसंख्यांचे निदानच झालेले नाही, असा तिचा अंदाज होता.

दुसरा प्रश्न, "हे मनाचे दुखणे नाही कशावरून?" यावर मानसशास्त्राच्या आमच्या बाई म्हणाल्या, "आधी हे ठरवा की मनाचं दुखणं म्हणजे खोटं दुखणं, असं तुम्हाला कोणी शिकवलं? मी तर शिकवलं नाही." महिनोन्‌महिने अंथरुणात पडलेला माणूस खिन्न होणारच, पण परिणामाला कारण समजणे ही तर्कातली चूक आहे. या चुकीची किंमत मोठी असते. इंग्लंडमध्ये २००७ च्या शासकीय मार्गदर्शनात अशा रुग्णांना क्रमाक्रमाने व्यायाम वाढविण्याचा सल्ला होता. पुरावे पुन्हा तपासल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये तो काढून टाकण्यात आला.

"मग उपाय काय?" हा तिसरा प्रश्न. रामबाण औषध आज नाही. क्षय, रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह अशी दुसरी कारणे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत, हे प्रथम. त्यानंतर, अंथरूण पाहून पाय पसरावेत तसे शक्ती पाहून काम करावे. दमल्यानंतर नव्हे, दमण्याआधी थांबावे. ऐकायला हे सोपे वाटते. वीस वर्षांच्या मुलीला ते किती कठीण जाते हे मी रोज पाहिले आहे.

शेवटचा प्रश्न होता, "यात कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी काय करायचं?" मी उत्तर दिले ते असे. मे २०२० मध्ये जगातले डॉक्टर 'करोना दोन आठवड्यांत बरा होतो' असे सांगत होते, तेव्हा 'लाँग कोविड' हा शब्द प्रथम वापरला तो इटलीतील एलिसा पेरेगो यांनी. त्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक, आणि स्वतः रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. शब्द आधी आला, व्याख्या नंतर. जिनी लॉरींचे नियतकालिक, रॅम्से यांनी ऐकून घेतलेल्या हकिकती यांचाही धडा हाच आहे. तपासणीत दिसण्याआधी आजार रुग्णाच्या बोलण्यात असतो. बोलणे लक्ष देऊन ऐकणे, शब्दाचा नेमका अर्थ पकडणे, साक्ष टिपून ठेवणे, हेच तर आपण येथे तीन वर्षे शिकतो.

तेव्हा प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थीमित्रांना एक विनंती. आपल्या वर्गात तापानंतर परतलेला एखादा विद्यार्थी दोन दिवस येत असेल आणि तीन दिवस गैरहजर राहत असेल, तर हजेरीपटावर फुली मारण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे. वर्गातल्या टिपणांची एक प्रत, तळमजल्यावरची खोली, परीक्षेत मध्ये थोडी विश्रांती, एवढ्यानेही एखाद्याचे वर्ष वाचू शकेल.

हा लेख ताईला वाचायला दिला. तिने तो चार दिवसांत, थोडा थोडा करून वाचला. पहिल्या खर्ड्यात मी तिच्याविषयी 'तिला फार थकवा येई' असे लिहिले होते. तिने पेन्सिलीने त्यावर रेघ मारली आणि म्हणाली, "दमणं वेगळं गं. दमलेल्या माणसाला झोपून उठल्यावर बरं वाटतं." ते वाक्य मी काढून टाकले आहे.